बारा हजार रुपयांचा शेजार

धागा : मराठे, पोर्तुगीज आणि हातातून निसटलेला सलोखा

कोसबाड म्हटले की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात, कुरणशाळा आठवते. ते योग्यच आहे. पण नकाशात कोसबाडच्या टेकडीवर बोट ठेवून चारी दिशांना थोडे सरकले, की याच भूमीचा दुसरा, क्वचितच सांगितला जाणारा इतिहास हाती लागतो. पश्चिमेला डहाणूचा किल्ला, दक्षिणेला तारापूर आणि अशेरी, उत्तरेला दमण, तलासरीपलीकडे सिल्वासा. दोन सत्तांच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वैराच्या या खुणा आहेत. त्यांतली एक, सिल्वासा, वैराची नसून मैत्रीची आहे. ती मैत्री मात्र फार उशिरा सुचली.

मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर लिहिताना वसईच्या विजयापाशी थांबण्याची प्रथा पडली आहे. विजय मोठा होता, त्यात वाद नाही. या धाग्यातला प्रश्न वेगळा आहे : या दोघांना एकमेकांशी जुळवून घेण्याची संधी कधी होती काय, आणि असल्यास ती कोणी दवडली?

उत्तर शोधण्यासाठी आधी 'चौथाई' या शब्दाकडे जावे लागते.

शालेय पुस्तकांमुळे चौथाई म्हणजे स्वारी टाळण्यासाठी दिलेली खंडणी, एवढाच अर्थ डोक्यात बसतो. दमणच्या परिसरात तिचे जे जुने रूप होते, ते अधिक लक्षणीय आहे. १५५९ मध्ये पोर्तुगीजांनी दमण घेतले. त्या परगण्यातील गावांच्या उत्पन्नातून रामनगरच्या राजाला एक वाटा देण्याची वहिवाट होती. रामनगर म्हणजे पुढचे धरमपूर संस्थान. पोर्तुगीजांनी ती वहिवाट चालू ठेवली. त्यांच्या कागदपत्रांत त्या राजाला चौथाई घेणारा म्हणून 'चौथिया' असेच नाव पडले. नाव चौथाईचे असले तरी वाटा नेहमी बरोबर पाव हिस्सा नसे. मोबदल्यात राजाने गावांना उपद्रव द्यायचा नाही आणि चोरवाटांवर नजर ठेवायची, अशी अपेक्षा होती. सुरेंद्रनाथ सेन यांनी चौथाईच्या उगमाची चर्चा करताना या पोर्तुगीज कागदांवरच भर दिला, तो याच कारणाने.

या व्यवस्थेचे मर्म नीट पाहावे. गावे एकाची, महसुलात वाटा दुसऱ्याचा, आणि सीमेवर बऱ्यापैकी शांतता. ती न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. ज्यांच्या भातातून हा वाटा निघे, त्या वारली, कोळी, दुबळा कुळांना कोणी विचारले नव्हते. पण दोन सत्तांपुरते बोलायचे, तर युद्धाला पर्याय म्हणून चालणारी एक रीत इथे तयार होती. ती पोर्तुगीजांनाही माहीत होती आणि मराठ्यांनाही.

१६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार आणि रामनगर जिंकले. त्याबरोबर महाराजांनी दमणच्या गावांची चौथाई मागितली. मागणीमागचा तर्क सरळ होता : रामनगरचे राज्य ज्याचे, रामनगरचा हक्कही त्याचा. पोर्तुगीजांनी हा दावा धुडकावला नाही आणि मान्यही केला नाही. पत्रे आली, वकील आले, मुदती पडल्या. १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले तरी प्रश्न तसाच लोंबकळत होता.

मुत्सद्देगिरीच्या पुस्तकांत अशा वेळकाढूपणाचे कौतुक होते. इथे ते करवत नाही. रामनगरच्या दुबळ्या राजाला जे वर्षानुवर्षे विनातक्रार दिले, ते एका बलाढ्य शेजाऱ्याला दिल्याने त्याचे सख्य मिळणार होते. रक्कम जवळजवळ तीच, आणि लाभ कितीतरी पट. गोव्याच्या विजरईंना अडचण पैशाची नव्हती. चौथाई दिली म्हणजे मराठ्यांचे राज्य आपल्या बरोबरीचे मानल्यासारखे होईल, ही ती अडचण होती. ही पहिली संधी, आणि तिच्या हुकण्याची जबाबदारी बव्हंशी पोर्तुगीजांवर पडते.

पुढची दोन-तीन वर्षे तर विलक्षण आहेत. औरंगजेब दक्षिणेत उतरला होता. संभाजी महाराजांना एकाच वेळी मुघल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा आघाड्या परवडणाऱ्या नव्हत्या. पोर्तुगीजांनाही, मराठे संपले की मुघल आपल्या वेशीवर येतील, हे कळत नव्हते असे नाही. तरी त्यांनी मुघलांच्या रसदेला आपल्या हद्दीतून वाट दिली आणि १६८३ मध्ये युद्ध पेटले. उत्तरेत वसई ते दमणचा पट्टा होरपळला. दक्षिणेत मराठे थेट गोव्याच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले. जानेवारी १६८४ मध्ये शाहजादा मुअज्जमची फौज घाटाखाली आली, म्हणून गोवा वाचला. वाचवायला आलेला हा पाहुणा घरच ताब्यात घेतो की काय, अशी धास्ती मग पोर्तुगीजांनाच पडली!

इथून १७३० च्या दशकात येऊ. आता पेशवे बाजीराव आहेत आणि उत्तर फिरंगाण हा मराठ्यांच्या डोळ्यांत सलणारा प्रदेश आहे. १७३२ मध्ये एक तह झाला. मध्यस्थी कोणाची? मुंबईकर इंग्रजांची. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढच्या पन्नास वर्षांत या दोघांच्या प्रत्येक भांडणात मध्ये बसलेला हा तिसरा गृहस्थ दिसत राहतो.

१७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी घेतली. १७३९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत चिमाजीअप्पांच्या मोहिमेने माहीम, डहाणू, तारापूर, अशेरी अशी ठाणी एकामागून एक पाडली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई शरण आली. पोर्तुगीजांचा 'उत्तर प्रांत' दमण, दीव आणि चौल-कोर्लईपुरता उरला, आणि पुढच्याच वर्षीच्या तहात चौल-कोर्लईही गेले.

हे युद्ध टळायला हवे होते, असे म्हणणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. साष्टीतील हिंदू रयतेचे काय? मंदिरे पाडली जात होती, धार्मिक विधींवर बंदी होती, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेले होते. मालाडच्या अंताजी रघुनाथ कावळ्यांसारख्या वतनदारांनी पुण्याला साकडे घातले, ते हौसेने नव्हे. रयतेच्या श्रद्धेवर घाव घालणाऱ्या सत्तेशी महसूल वाटून घेऊन सलोखा टिकत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि तो खोडून काढण्याची गरजही नाही. फक्त त्याचा निष्कर्ष बरोबर काढला पाहिजे. शांततेची संधी पोर्तुगीजांच्या हाती होती आणि ती साधण्यासाठी त्यांना मराठ्यांना नव्हे, आधी स्वतःच्या रयतेला काही द्यावे लागणार होते. वसईच्या शरणागतीच्या अटींत चिमाजीअप्पांनी मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. हीच मुभा उलट दिशेने पन्नास वर्षे आधी मिळाली असती, तर अंताजी रघुनाथांना पुण्याची वाट धरावी लागली नसती.

वसईच्या घंटा सर्वांना ठाऊक आहेत. मेणवलीच्या घाटावरची घंटा, भीमाशंकराची घंटा. वसईच्याच चांदीची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. वेढा ऐन भरात असताना वसईकरांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी १५,००० रुपये दिले, पण कर्जाऊ, आणि तारण म्हणून चर्चमधली चांदी व पितळी तोफा घेऊन. वसई पडताच, जुलै १७३९ मध्ये, त्याच इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्डला पाठवून चिमाजीअप्पांशी तह केला आणि पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची सवलत मिळवली. हरलेल्याची चांदी आणि जिंकलेल्याची सवलत. या युद्धात मुंबईने फारसे काही गमावले नाही.

वसईला वेढा पडला होता, तेव्हा दिल्ली नादिरशाहाच्या पायाखाली होती. मार्च १७३९ मधल्या कत्तलीच्या बातम्या दक्षिणेत आल्यावर बाजीरावांना पोर्तुगीजांचे युद्ध क्षुल्लक वाटू लागले होते. खरा शत्रू दुसरीकडे आहे, ही जाणीव त्यांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारात दिसते. पण निम्मी ताकद वसईच्या तटाखाली सुरुंग पेरत होती. नादिरशाह आपणहून परतला, म्हणून या कोंडीची परीक्षा झाली नाही.

आता १७७४. वसई पडून पस्तीस वर्षे झाली आहेत. पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतरची भाऊबंदकी चालू आहे आणि मुंबईकरांचा डोळा साष्टीवर आहे. अशात मुंबईला खबर लागते की गमावलेला उत्तर प्रांत परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येते आहे. इंग्रजांनी काय करावे? पोर्तुगीजांनी घेण्याआधी आपणच घ्यावे! डिसेंबर १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला सर केला आणि साष्टी गिळली. पोर्तुगीजांनी निषेधाचा खलिता दिला. मराठ्यांनी युद्ध केले, वडगावला इंग्रजांना नमवले, तरीही १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ज्या बेटासाठी दोघांनी एवढे रक्त सांडले, ते तिसऱ्याने दोघांच्या वैराचे निमित्त करून नेले.

साष्टी गेल्यावर मात्र दोघांना एकमेकांची आठवण झाली.

१७७९ च्या पुणे तहाची हकीकत इथे सुरू होते. मराठी आरमाराने १७७२ मध्ये 'संताना' नावाचे पोर्तुगीज जहाज धरले होते. त्याच्या भरपाईचा प्रश्न पडून होता. इंग्रजांशी युद्ध जुंपलेले असताना नाना फडणवीसांच्या कारभाऱ्यांना पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक शत्रू नको होता. त्यातून मैत्रीचा तह ठरला : दमणलगतच्या काही गावांचा वार्षिक १२,००० रुपयांचा महसूल पोर्तुगीजांना द्यायचा. त्यानुसार १७८३ च्या सनदेने नगर हवेलीची आणि १७८५ च्या सनदेने दादऱ्याची गावे नेमून दिली गेली.

जरा थांबून पाहिले, तर ही रीत ओळखीची वाटते. गावांवरची सत्ता एकाची, महसुलाचा वाटा दुसऱ्याचा. १६७२ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडे जे मागितले होते, तेच आता मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिले, दिशा तेवढी उलटी. मधल्या १०७ वर्षांत तारापूर, वसई, साष्टी असे सगळे घडून गेले होते.

असे का व्हावे? वाटाघाटी करणारी माणसे नव्हती, असे म्हणता येत नाही. पांडुरंग पिसुर्लेकरांनी १९५२ मध्ये पोर्तुगीजांच्या हिंदी वकिलांवर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यातून दिसते की पुणे दरबारात पोर्तुगालची बाजू मांडणारे अनेक जण गोव्यातले शेणवी होते. त्यांना पेशवे दफ्तराची मोडी वाचता येई आणि विजरईचा खलिताही. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मराठी बोलली जात होती. म्हणजे भाषेचा अडसर नव्हता, वकील होते, रीतही ठरलेली होती. नव्हती ती मागणी वेळेवर मान्य करण्याची तयारी. समोरचा दुबळा असताना देणे कमीपणाचे वाटे आणि समोरचा प्रबळ झाला की देण्याला शरणागतीचा वास येई.

या तहाचे कौतुक अर्थातच बेताने करावे. लिस्बन आणि लंडन यांची मैत्री चौदाव्या शतकापासूनची. पोर्तुगीज फौज मराठ्यांच्या खांद्याला खांदा लावून इंग्रजांशी लढेल, ही अपेक्षाच अवास्तव होती. नानांनी निजाम, हैदरअली आणि नागपूरकर भोसले यांची जी जूट बांधली, तिच्यातही पोर्तुगीज नव्हते. १७७९ मध्ये मिळण्याजोगी गोष्ट होती ती तटस्थता. पण हीच तटस्थता १७३० च्या आधी मिळती, दोघांची आरमारे एकमेकांची जहाजे धरण्यात झिजली नसती, तर १७७४ मध्ये मुंबईच्या कौन्सिलला साष्टीवर हात टाकताना दोनदा विचार करावा लागला असता. याहून मोठा दावा पुराव्याला धरून करता येणार नाही. आणि आरमाराचा विषय निघालाच आहे, तर १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्याच मदतीने तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गावर जाळले, हेही विसरू नये. ती चूक पोर्तुगीजांच्या माथी मारता येत नाही.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तो तह जिथे झाला ते ठिकाण वसई. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दमणजवळची ती गावे मात्र पोर्तुगीजांकडे तशीच राहिली. सनद देणारे राज्य उरले नाही, सनद उरली. नव्या इंग्रज सरकारने कागद फारसा न चाळता तिथे पोर्तुगालचे सार्वभौमत्व गृहीत धरले. महसुलाचा वाटा होता त्याचा मुलूख झाला. ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातला वारली आणि पोर्तुगीज नगर हवेलीतला वारली एकाच बोलीत बोलत, एकाच देवांना नवस करत, आणि तरी दोन राजांची प्रजा होते.

दुसरा अंक विसाव्या शतकातला आहे आणि त्यात नकार देणारा पुन्हा तोच. २७ फेब्रुवारी १९५० रोजी स्वतंत्र भारताने गोव्यासह पोर्तुगीज वसाहतींबाबत वाटाघाटी सुरू करण्याची रीतसर सूचना लिस्बनला केली. सालाझार सरकारने चर्चेलाच नकार दिला. १९५१ मध्ये राज्यघटना दुरुस्त करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणून टाकले, म्हणजे चर्चेला विषयच नको! ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. याच सुमारास फ्रान्सने पुदुचेरीबाबत बोलणी केली आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार सोपवून दिला. फ्रेंच भाषा, शाळा, लोकांचे जुने हक्क यांविषयीच्या अटी त्यांना तहात घालता आल्या. लिस्बनला हे सारे मिळू शकले असते.

त्याऐवजी जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि मग सिल्वासा स्वयंसेवकांनी मुक्त केले. त्यांत गोमंतकीय होते, संघाचे होते, आणि तलासरीच्या बाजूने आलेले कम्युनिस्ट व वारलीही होते. १९४५ मध्ये झरीच्या सभेपासून गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिलेले हे लोक. ज्यांना चौथाईच्या वेळी कोणी विचारले नव्हते, सनदेच्या वेळी कोणी विचारले नव्हते, ते या प्रकरणात पहिल्यांदाच स्वतःच्या पायांनी आले.

पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मग एक अपूर्व दृश्य घडले : जगभरचे न्यायाधीश पेशव्यांच्या मराठी कागदांवर खल करत बसले. 'सरंजाम' म्हणजे काय, 'जहागीर' म्हणजे काय? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला होता तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. जिथे मुलूख कायमचा द्यायचा असे, तिथे मराठे तसे स्पष्ट लिहीत, आणि इथे तसे लिहिलेले नाही. सार्वभौमत्वाला मान्यता मिळाली ती पुढे इंग्रजांच्या वागण्यातून. पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने काही बेकायदा केले नव्हते.

पेशव्यांच्या कारकुनाने नेमका शब्द वापरला होता, एवढे तरी या निकालाने सिद्ध झाले. १७७९ चा तह समजून न घेण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांचेही हित होते. तो पहिल्यांदा नीट वाचला गेला १८१ वर्षांनी, वाचणारे हॉलंडात, आणि भांडणारे दोन देश एकमेकांशी बोलायलाही तयार नसताना.

नंतरचे सर्वांना ठाऊक आहे. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली. त्याआधी करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला एका दिवसापुरते त्या चिमुकल्या मुक्त प्रदेशाचे पंतप्रधान व्हावे लागले. डिसेंबरात गोव्यात सैन्य गेले. सालाझारची राजवट कोसळल्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारत आणि पोर्तुगाल यांनी करार करून जुना वाद मिटवला. तारीख वसईच्या तहाचीच, हा निव्वळ योगायोग.

डहाणू-तलासरीकडून सिल्वासाच्या कारखान्यांत रोज कामाला जाणाऱ्यांना या सीमेचे काही वाटत नाही. पलीकडे दारू स्वस्त मिळते, म्हणून तलासरीच्या बाजूला उत्पादन शुल्क खात्याचे लोक अधूनमधून गाड्या थांबवून डिकी उघडायला लावतात. नाना फडणवीसांच्या तहातली आता एवढीच तपासणी शिल्लक आहे.